खेकड्याच्या घरातली मुळं

फार जुनी गोष्ट. एका ओढ्याचा काठ दर पुरात ढासळायचा आणि तिथल्या खेकड्याला पुन्हा नवं बीळ खणावं लागायचं. एका वर्षी शेजारच्या शेतातल्या सगुणाबाईनं काठावर निर्गुडीच्या ओल्या फांद्या रोवल्या. त्यांची मुळं थेट खेकड्याच्या घरात उतरली.

"न विचारता घरात घुसता?" म्हणत खेकडा रोज नांगीनं मुळं कापू लागला.

"मामा, थोडी जागा द्या," निर्गुडी म्हणाली. "आम्ही माती धरून ठेवू."

"एवढ्याशा काड्या तुम्ही!"

कापून कापून तो दमला, तेव्हा मागच्या अडगळीच्या खोलीतली मुळं तेवढी कापायची राहिली.

श्रावणात पूर आला. पुढची खोली वाहून गेली, अडगळीची जागच्या जागी राहिली. मुळांना बिलगून खेकडा वाचला.

पाणी ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "निर्गुडीबाई, तुमची एक फांदी कापू का? वाहून गेलेल्या पुढच्या खोलीच्या जागी लावायची आहे."