पोपटाला पाठ झालेला पासवर्ड

फार पूर्वी, म्हणजे कॉम्प्युटरला ढेरी असायची तेव्हा, कावळ्यानं तात्यांच्या पिंजऱ्यातल्या पोपटाला डिवचलं, "ए मिरचीखाऊ, दम असेल तर तात्यांचा पासवर्ड बोलून दाखव!"

घरात एकटेच राहणारे तात्या एका बोटानं टाइप करताना एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायचे. पोपटाला पाठच होतं सगळं. शहाण्यानं घडाघडा सांगितलं. कावळा निघाला चोरांचा हेर!

संध्याकाळी तात्या आपल्या देवाघरी गेलेल्या बायकोचं, काकूंचं रेकॉर्डिंग ऐकायला बसले, तर चोरांनी कॉम्प्युटर पार पुसलेला.

"माझंच बोट चुकलं असणार," तात्या पिंजऱ्यापाशी येऊन म्हणाले. "आता तिचा आवाज कुठून आणू रे?"

पोपटाला काकूंचा आवाज हुबेहूब काढता यायचा. पण आधी तो स्वतःच्याच आवाजात म्हणाला, "तात्या, तुमचं काही चुकलं नाही. पासवर्ड मी फोडला."