फोटो येतात ते दार

"म्हणजे तुमचा माझ्या कामावर विश्वास नाही, असंच ना?"

विश्वजितने हे विचारलं तेव्हा नाना स्टोव्हवरचा चहा गाळत होते. मिरजेत सायकलच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास. दोन वर्षं विश्वजित तिथे वेबसाइट बांधायला शिकला आणि आता एका वधूवर मंडळाची साइट त्याने एकट्याने उभी केली होती. साडेतीनशे मुलींचे पत्ते आणि फोन नंबर तिच्यात भरले होते. चार वाजता ती सुरू व्हायची होती.

नानांनी कप त्याच्यापुढे ठेवला.

"फोटो येतात ते दार दाखव."

विश्वजितने कपाला हात लावला नाही. सकाळीच खालच्या सायकलवाल्याने सहज विचारलं होतं, "तुमच्या सरांचं आडनाव काय हो?" आणि त्याला सांगता आलं नव्हतं. पाटीवर नाही, सर्टिफिकेटवरही नुसतंच 'नाना'. दोन वर्षं या गृहस्थाने ताकास तूर लागू दिली नव्हती. लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस आडनाव कशाला लपवेल? मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. आणि आता हे ऐन वेळी खोट काढायला बसलेले.

"नियम सोपा आहे," तो ताठ्यात म्हणाला. "फाइलच्या नावाशेवटी डॉट जेपीजी किंवा डॉट पीएनजी असेल तर तो फोटो. आत घ्यायचा. डॉट पीएचपी म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. बाहेर. शेवटी काहीच नसेल, तर तीही बाहेर. फाइलची जात शेवटच्या अक्षरांवरून कळते. तुम्हीच शिकवलंत."

"मी?"

"हो."

"मी म्हणालो होतो, जात तिथे नुसती लिहिलेली असते."

नानांनी पेनड्राइव्ह लावला. एक फाइल उघडली. त्यांच्या लग्नातला जुना फोटो, त्यात त्यांची बायको खाली बघून हसत होती. फाइलचं नाव नुसतंच 'सुमन', पुढे काही नाही. त्यांनी ती साइटवर चढवली.

'ही फाइल स्वीकारता येत नाही.'

"पण हा तर फोटोच आहे," नाना म्हणाले.

नानांनी दुसरी फाइल घेतली. छोटासा प्रोग्राम. चालू झाला तर सगळी यादी उचलून बाहेर पाठवेल असा. विश्वजितच्या डोळ्यांदेखत नानांनी नावाशेवटचं पीएचपी पुसलं, जेपीजी लिहिलं आणि फाइल चढवली.

'धन्यवाद. आपला फोटो मिळाला.'

...

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! ती फाइल आता मुलींच्या फोटोंशेजारी जाऊन बसली होती. साइटमध्ये आणखी एखादी फट राहिलेली असली, की तिला चालवणारा कुणीतरी भेटणारच. आणि फट राहिली नसेल, असं छातीठोक सांगायची त्याची आता हिंमत नव्हती.

त्याने मंडळ चालवणाऱ्या मावशींना फोन लावला.

"मावशी, आज नाही जमणार. माझं चुकलंय. दोन दिवस द्या."

फोन ठेवला, तेव्हा त्याचे कान तापले होते.

"मग ओळखायचं कसं?"

"उघडून. आत काय आहे ते वाचून. शेवटची अक्षरं काय, कुणीही लिहितं."

खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं. विश्वजितने स्क्रीनकडे पाहिलं, मग आडनाव नसलेल्या त्या पाटीकडे. लाज वाटत होती, तरी आतली पाल काही गप्प बसेना.

"नाना..."

"हं."

"तुमचं आडनाव..."

नानांनी त्याच्यापुढचा कप उचलला. चहावर साय धरली होती. मोरीत ओतला, कप विसळला, स्टोव्ह पुन्हा पेटवला.

"दुसरा टाकतो. पिणार का, ते आधी सांग. आडनाव मग सांगतो."