चांदीचा अडकित्ता

सरदेसाई विसाजीपंतांना पालखीचा मान मिळाला आणि घरातल्या बायकांच्या मागे साडेसाती लागली. "लोखंड म्हणजे दळिद्र," म्हणत पंतांनी स्वयंपाकघरातलं सगळं चांदीचं करवून घेतलं. विळीचं नवं पातं पहिल्याच भोपळ्यापुढे वाकलं. फोडणीच्या पळीचा लाकडी दांडा जाऊन चांदीचा आला, तो चुलीवर असा तापला की पंतांच्या पत्नीच्या, सगुणाबाईंच्या, तळहाताला फोड आले. पंतांचं एकच उत्तर, "तुला वापरता येत नाही."

एके दिवशी सोप्यावर पाहुणे बसले होते आणि सगुणाबाई आत विडे करत होत्या. त्यांनी चांदीच्या अडकित्त्यात सुपारी धरून दाबली, तर सुपारी जशीच्या तशी आणि पातंच मुडपलं. तेवढ्यात पंत बाहेरून ओरडले, "अगं, सुपारी कातरते आहेस की झाड लावते आहेस?" पाहुणे खो खो हसले.

सगुणाबाईंचं डोकं फिरलं. त्या तरातरा बाहेर आल्या.

"आधी सोनाराला बोलवा. तिजोरीला अजून लोखंडाचं कुलूप आहे. लक्ष्मीच्या दारात दळिद्र! तिथे चांदीचंच हवं."

पंत ताडकन उठले. "वेड लागलंय का तुला? चांदी मऊ असते! चोरानं जरा जोर लावला तरी वाकेल!"

सगुणाबाईंनी तो वाकडा अडकित्ता आणि अख्खी सुपारी त्यांच्या हातात ठेवली.

"असं होय! आणि मी मेली समजत होते, मलाच वापरता येत नाही."