मेणाचे बोळे

दोष म्हाताऱ्याचा होता. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटी कुणी उसासा टाकून नशिबाला नावं ठेवायला नको.

पोरांनो, आणि पोरांच्या मागे बसून आपण ऐकतच नाही असं दाखवणाऱ्या थोरांनो, ही गोष्ट रस्त्यांना अजून नावं पडली नव्हती तेव्हाची. एका राज्यात चार वाटा एकत्र यायच्या. तिथे सावरीची मोठमोठी झाडं होती. चैत्रात बोंडं उकलली की पांढरा कापूस दिवसभर हवेत तरंगत राही. वाट, माणूस, गुरं, सगळं त्यात अर्धं झोपेत असल्यासारखं दिसे.

त्या झाडांखाली एका म्हाताऱ्याचा गाड्यांचा अड्डा होता. सगळे त्याला गाडीशेट म्हणत. तो जुन्या बैलगाड्या विकायचा, जुन्या बैलांसकट. चिरलेल्या आऱ्यांवर गेरू फासायचा. कुरकुरणाऱ्या चाकात इतकं वंगण भरायचा की गाडी दोन दिवस मांजरासारखी चाले. बैलांची शिंगं तासून तेल लावलं की म्हातारा बैलही नवरदेव दिसे.

घेणाऱ्याकडे कुठले एवढे पैसे? शेट म्हणे, "असू द्या हो. सावकाराच्या दारात कशाला जाता? मीच आहे ना. थोडं आज द्या, बाकीचं दर पौर्णिमेला. गाडी आजच न्या!"

लोक गाडी आजच नेत. आणि मग पौर्णिमा येई.

आता त्याची युक्ती ऐका. विकण्याआधी तो प्रत्येक बैल तीन आठवडे उपाशी ठेवी. दिवसातून एकदा शिंग फुंके आणि फुंकताच गूळ-पेंड पुढे करी. तीन आठवड्यांत बैलाच्या हाडात मुरे की शिंग वाजलं म्हणजे अड्ड्याकडे वळायचं. मग मानेवर जू असो, गाडीत कुणीही बसलेलं असो.

पौर्णिमेला सकाळपासून लोक हप्ता घेऊन येत. ज्याचा हप्ता आला त्याला शेट मेणात बुडवलेले कापसाचे चार बोळे देई. दोन बैल, चार कान. ऊन कललं की शिंग वाजे. बोळेवाल्यांचे बैल आपल्या वाटेनं चालत राहत. बाकीचे असतील तिथून वळत. मालक खाली उतरून रडो, शेपटीला लोंबकळो, बैल अड्ड्यावर येऊन ओळीत उभे राहत. दुसऱ्या दिवशी त्यांना नवा गेरू आणि नवं गिऱ्हाईक. एकेक गाडी सात-सातदा विकली गेली होती.

कुणी पंचांकडे गेलंच, तर पाच म्हातारे पारावर बसून माना डोलवत.

"करार तो करार," थोरले पंच म्हणत. "आणि मेणच तर आहे, बेडी थोडीच आहे?"

त्यांना काय? त्यांना कुठेच जायचं नव्हतं. पाराशिवाय त्यांना जग नव्हतं, आणि तिथे बसूनच ते साऱ्या जगाला रस्ता दाखवत. पांढऱ्या केसांना लोक अक्कल समजतात. कापूसही पांढराच असतो.

शेटला एकच मुलगी होती. नदीपलीकडे दिलेली. एका चैत्री पौर्णिमेला सकाळीच तिच्या गावाहून माणूस धावत आला.

"शेट, ताईंचा ताप उतरत नाही. सारखं बाबा बाबा चाललंय. वैद्य म्हणाले, भेटायचं असेल तर आज चला."

शेटच्या हातातली बोळ्यांची परडी खाली पडली. मुलगी लहानपणी त्याच्या मांडीवर बसून कापसाच्या म्हाताऱ्या फुंकायची, ते त्याला दिसलं. डोळे भरले. खोटं कशाला बोलू, खरंच भरले. पण अड्ड्यावर हप्तेवाल्यांची रांग लागली होती. एवढी रांग उरकतो नि निघतो, असं तो स्वतःशी म्हणाला.

निरोप सकाळी आला. म्हातारा दुपारी निघाला.

जाताना त्यानं शिंग थोरल्या पंचांच्या हाती दिलं. "आबा, अजून पंधरा जणांचा हप्ता यायचाय. ऊन कललं की फुंका. माझी वाट बघू नका."

"बिनघोर जा हो शेट," म्हातारबा शिंग कुरवाळत म्हणाले. कितीतरी वर्षांत कुणी त्यांना काही वाजवायला दिलं नव्हतं. "असं फुंकतो की नदीला ऐकू जाईल."

शेटनं आपली गाडी जुंपली. तिचे बैलही अड्ड्यावरचेच, शिंगाच्या गुळावर मुरलेले. सकाळपासून त्यानं जगाच्या बैलांचे कान तपासले होते, आपल्या बैलांचे तेवढे पाहिले नाहीत. बोळे हप्ता भरणाऱ्याला. तो स्वतः कुणाला हप्ता भरणार?

गाडी दोन कोस गेली. कापूस उडत होता, ऊन दुधासारखं पातळ झालं होतं. नदीची ओल वाऱ्यावर यायला लागली. शेट डोळे मिटून मनात बोलत होता, आलोच गं बाळे, आलोच.

मागून शिंगाचा आवाज आला. लांब, गोड, झोपेतून कुणी हाक मारावी तसा.

बैल थांबले. कान हलले. आणि गाडी सावकाश, अगदी अदबीनं, उलटी वळली.

"ए पवळ्या! हो! अरे मी आहे, मी!"

डाव्या अंगाचा पवळ्या न थांबता बोलला. "ओळखलं, मालक. पण कानात काही नाही."

शेट घाबरला. "तू बोलतोस?"

"रोजच बोलतो. आज तुम्हीही आमच्यासारखेच मागे चाललात, म्हणून ऐकू आलं."

"पवळ्या, माझी लेक जाते रे! मागे फीर!"

"गाडीतला रडला तरी थांबायचं नाही, हे तुम्ही आम्हाला गुळाबरोबर चारलंत. आता गूळ कसा बाहेर काढू?"

शेटनं हवेतला कापूस ओंजळीनं धरला, बैलांच्या कानात कोंबला. कोरडा कापूस. बैलांनी मान झटकली, तो पुन्हा उडून गेला. शेटनं उडी मारली आणि गुडघ्यावर आपटला. बैलांनी वळूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात समोरून एक कासारीण बांगड्यांनी भरलेली गाडी घेऊन नदीकडे निघालेली दिसली. तिच्या बैलांच्या कानात बोळे होते. शेट लंगडत आडवा गेला.

"बाई, मला नदीपार ने. काय मागशील ते देतो."

कासारणीनं त्याला ओळखलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "शेट, माझी परीक्षा बघताय होय? माघारी वळलेल्या गाडीतलं माणूस आपल्या गाडीत घेतलं तर बैल जप्त. तुमचाच नियम आहे तो."

"मी सांगतो ना, नियम माफ!"

"मागच्या वर्षी माझ्या भावाला असंच सांगितलंत. दुसऱ्या दिवशी बैल नेले. बाजूला व्हा, माझी पोरं उपाशी आहेत घरी."

ती थांबली नाही. तिला बोल लावू नका. बोल कुणाला लावायचा ते पहिल्याच ओळीत सांगितलंय.

नदीकडे आणखी गाड्या गेल्या. सगळ्यांच्या कानात मेण होतं आणि सगळ्यांचे डोळे सरळ पुढे. शेट हाका मारत राहिला. हवेत एवढा कापूस होता की त्याच्या हाकाही त्यात गुंडाळल्या जाऊन खाली पडत असाव्यात.

इकडे रिकामी गाडी अड्ड्यावर पोचली. थोरल्या पंचांनी ती ओळीत सोळावी म्हणून लावली, बैलांपुढे गूळ टाकला आणि समाधानानं पारावर जाऊन बसले. गाडी कुणाची, हे त्यांनी पाहिलंच नाही. पाहायची सवयच नव्हती.

शेट पायी निघाला. वीस वर्षांत तो एवढं चालला नव्हता. नदीच्या उताराशी पोचेपर्यंत दिवसाची शेवटची नाव गेली होती, पुढची दुसऱ्या दिवशी होती. मुलीच्या दाराशी पोचला तेव्हा तिचं सगळं उरकलं होतं आणि जावई ओल्या पंच्यानं ओट्यावर बसला होता.

"कालपर्यंत वाट पाहिली तिनं, मामा," तो म्हणाला. "गाडीचा आवाज आला की दाराकडे बघायची."

ज्याला दुसऱ्याचा रस्ता आपल्या मुठीत हवा असतो, त्याला स्वतःच्या रस्त्यावर कुणी उभं करत नाही.

म्हाताऱ्याला आपल्या मुलीचं तोंड दिसलं नाही.