सुपारीचं दुखणं आणि भागुजीची गोधडी

एका गावात एक भोळा शिंपी होता. नाव भागुजी. त्याच गावात दूरदेशी शिकून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी जनावरांचा दवाखाना काढला. त्यांना वाटलं होतं, दारात गाई-म्हशींची रांग लागेल. आला एकटा भागुजी, काखेत सुपारी घेऊन. सुपारी ही त्याच्या बायकोची कुत्री. मांजराहून लहान, पण बायकोचा सगळा जीव तिच्यात.

"बाई, शेवंता माहेरी गेलीय," भागुजी म्हणाला. "सांगून गेलीय, सुपारीला दुखलं-खुपलं आणि तुम्हाला कळलं नाही, तर मी परत यायची नाही. आता ही काही बोलत नाही. मला कळायचं कसं?"

बाईंना भरून आलं. अशाच माणसांसाठी तर त्या परत आल्या होत्या. त्यांनी जीव ओतून समजावलं, "लहान कुत्री दुखणं लपवतात. ओरडत नाहीत. कोपऱ्यात बसतात, गप्प होतात, खात नाहीत. असं दिसलं की आधी तोंडाला मऊ पट्टी बांधा, दुखरं कुत्रं चावतं. मग गोधडीत गुंडाळा आणि माझ्याकडे आणा. धडपड केली तरी सोडायचं नाही."

"कळलं," भागुजी म्हणाला.

शेजारी लग्न निघालं. नवरदेव रुसून बसला. त्या गावची रीतच तशी. नवरदेवानं रुसायचं, सासऱ्यानं सायकल कबूल करायची, मग नवरदेवानं हसायचं. भागुजीनं पाहिलं तर जावईबापू कोपऱ्यात, गप्प, पुढ्यातला लाडू तसाच. भागुजीचा जीव कळवळला.

मुहूर्ताला मांडवात नवरदेव नव्हता. तो भागुजीच्या हातगाड्यावर होता, गोधडीत.

बाईंनी तोंडाची पट्टी सोडली. नवरदेव म्हणाला, "सायकल राहू द्या. मला मांडवात सोडा."

"भागुजी, हा माणूस आहे," बाई म्हणाल्या. "माणसाला बोलता येतं. आधी विचारायचं, कुठं दुखतंय. दुखतंय म्हणाला, तरच आणायचं."

"कळलं."

मग एके सकाळी सुपारी लंगडायला लागली. पंजा टेकवेना, सारखा चाटत बसली. भागुजी तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"सुपारे, कुठं दुखतंय?"

सुपारी गप्प. त्यानं मायेनं विचारलं. लाडीगोडीनं विचारलं. दुकान बंद ठेवून विचारलं. दुपारी बाई रस्त्यानं जाताना डोकावल्या.

"काय चाललंय?"

"सकाळपासून विचारतोय. ही नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही."

बाईंनी हळूच पंजा चाचपला. एका जागी सुपारी दचकली. तिथं काटा होता. तो काढून बाई म्हणाल्या, "आता जखम चाटू द्यायची नाही. पुठ्ठ्याची नरसाळ्यासारखी कॉलर शिवा आणि चाटताना दिसली की गळ्यात अडकवा."

"कळलं." भागुजीनं सुंदर कॉलर शिवली. झालर लावली. उरलेल्या पुठ्ठ्याची एक मोठी शिवली, असू द्यावी म्हणून.

नवरदेवाकडे सत्यनारायण झाला. पंगतीत बासुंदी होती. सरपंच बोटं चाटत होते. एकच बोट, पुन्हा पुन्हा. भागुजीनं पाहिलं, घरी गेला, परत आला आणि मागून मोठी कॉलर सरपंचांच्या गळ्यात अडकवली.

सरपंचांचा हात तोंडापर्यंत पोचेना.

"भागुजी, हे काय रे?"

"जखम भरेपर्यंत राहू द्या, सरपंच. झालर तुम्हाला शोभतेय."

बाईंना बोलावणं गेलं. त्या दमून म्हणाल्या, "अहो, ते चवीनं चाटत होते. चवीनं चाटणाऱ्याला अडवायचं नसतं, आणखी वाढायचं असतं."

"कळलं," भागुजी म्हणाला आणि येताना तांब्याभर बासुंदी मागून आणली.

तेवढ्यात निरोप आला, शेवंता आज संध्याकाळच्या गाडीनं येतेय. भागुजीनं सुपारीकडे बारीक लक्ष ठेवलं. बाई पंजा बघायला आल्या तेव्हा सुपारीची कॉलर खुंटीला होती, पंजा वाटीभर बासुंदीत होता, आणि सुपारी चाटत होती. भागुजी वाढत होता.

बाईंनी मुकाट्यानं पंजा धुतला. जखम भरली होती, तेवढं बरं. मग त्या कोपऱ्यात जाऊन डोकं धरून बसल्या. चहा दिला, घेतला नाही. बोलल्याही नाहीत.

भागुजी सावध झाला. पण शिकवलेलं तो विसरला नव्हता. त्यानं आधी विचारलं.

"बाई, कुठं दुखतंय?"

"डोकं," बाई म्हणाल्या.

भागुजीनं मऊ पट्टी काढली.

संध्याकाळी शेवंता गाडीतून उतरली. दवाखान्याच्या पायरीवर तिला नवरा दिसला. शेजारी हातगाडा, गाड्यावर गोधडीचं चुळबुळतं गाठोडं. सुपारी चारी पायांवर उड्या मारत तिच्या अंगावर आली. शेवंतानं तिला उलटसुलट करून पाहिलं. कुठं काही दुखत नव्हतं.

"चांगली सांभाळलीत हो," शेवंता म्हणाली. "कसं जमलं?"

"डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. पण माणूस फार बेभरवशाचा. दवाखान्याला कुलूप लावून कुठं गेल्यात कोण जाणे. मी केव्हाचा पेशंट घेऊन बसलोय."

गोधडीतून काहीतरी जोरात ऐकू आलं. भागुजीनं गोधडी थोपटली. "धडपडू नका. बाई येतीलच एवढ्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी शेवंताला बोलावून आपला निर्णय सांगितला. यापुढे ती माहेरी जाईल तेव्हा सुपारी खुशाल दवाखान्यात ठेवावी. भागुजीला मात्र बरोबर न्यावं.