टिटवीची पिल्लं

"अगं टिटवे, पिल्लांना शिकवणं हे तुझं काम नव्हे! पंख फुटले की माझ्या शाळेत पाठव. तोवर नुसतं खाऊ घाल," बगळे गुरुजी माळावर तिला दरडावत होते. गोष्ट फार जुन्या काळची, पण गुरुजी तेव्हाही असेच होते.

"नुसतं खाऊ घालू? आई आहे मी, का गव्हाण?" टिटवी कडाडली.

तेवढ्यात वरून घार झेपावली. टिटवी एकदाच ओरडली आणि सगळी पिल्लं खड्यांमध्ये अंग चोरून निपचित पडली. घारीला नुसते खडेच दिसले. ती रिकाम्या पंजांनी परतली.

"हे कधी शिकवलंस गं?" गुरुजींचा आवाज उतरला होता.

टिटवी मान ताठ करून म्हणाली, "पिल्लं अंड्यात होती तेव्हापासून बोलतेय मी त्यांच्याशी, गुरुजी, तुमची शाळा त्यांची दुसरी!"