पाठीवरची हसरी तोंडं

"एकही गोल खायचा नाही, आणि आमच्याकडे पाठही करायची नाही," भुजंगराव महाराज म्हणाले. "जमलं तर संघ राहील. नाही जमलं तर वस्ताद, संघ मोडला आणि तुमची रवानगी किल्ल्यावर."

दौलू वस्ताद मान खाली घालून उभा होता. भैरवाडी संस्थानच्या फुटबॉल संघाला तोच शिकवायचा. महाराजांना गोल मारण्यात रस नव्हता. गोल कुणीही मारतो, अडवायला राजाचं काळीज लागतं, असं ते म्हणायचे. म्हणून त्यांची खुर्ची आपल्याच गोलच्या जाळीमागे. मध्यंतरात बाजू बदलल्या की चार भोई ती खुर्ची महाराजांसकट उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायचे.

आता संस्थानची रीत अशी, की महाराजांकडे कुणी पाठ करायची नाही. दरबारातून निघालेला माणूस उलट्या पावलांनी दारापर्यंत जायचा. खांबावर आपटायचा, पण वळायचा नाही. मागच्या सामन्यात दिवाणजींनी ही रीत मैदानावर आणली. पाहुण्यांना सूट होती. आपले अकराच्या अकरा मात्र चेंडूकडे पाठ करून खेळले. तांबुळवाडीच्या संघाने नऊ गोल चढवले. आपल्या गोलकीपरने दोन अडवले, पण तेही मानेने. काय लागलं म्हणून तो अजून विचारत होता.

"सरकार, माणसाचे डोळे तोंडावरच असतात," दौलू कसाबसा म्हणाला. "तोंड तुमच्याकडे केलं, तर चेंडू दिसायचा कसा?"

"तो तुमचा प्रश्न. दसऱ्याला तांबुळवाडी परत येतेय."

दिवाणजी हसले. ते नेहमीच हसायचे. नऊ गोल झाले तेव्हाही हसतच होते.

खरं तर दौलूचा व्यूह नामी होता. नाव कोंडवाडा. समोरच्या गड्याला खुशाल आत येऊ द्यायचं आणि मग चहूबाजूंनी कोंडायचं. त्यासाठी त्याने माणसं जोखून घेतली होती. हणमा पखालवाला, कारण त्याला वळसा घालायलाच वेळ लागतो. शिवा भालदार, कारण तो ओरडला की माणसं आपोआप थांबतात. किसन माहूत, कारण हत्ती अंगावर आला तरी तो हलत नाही. चौथ्या धोंडीला पळताच येत नव्हतं, त्यामुळे तो जागा सोडण्याची भीती नव्हती. पण यातल्या एकालाही पाठीला डोळे नव्हते.

घरी थोरल्या बहिणीने, सुंद्राक्काने, ताट वाढलं.

"भूक नाही आक्का."

"खाऊन घे. किल्ल्यावर आमटी मिळायची नाही."

बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. सुंद्राक्काचा नवरा तात्याबा गावच्या सोंगांसाठी मुखवटे करायचा. चैत्रात तो गेला. तेव्हापासून मागच्या खोलीत मुखवटे गोणपाटाखाली होते आणि दौलूने त्या खोलीचं नाव काढलं नव्हतं.

"महाराजांना समोर काय पाहिजे? तोंडच ना?" सुंद्राक्काने विचारलं.

"तोंडच."

"कुणाचं, ते बोललेत का?"

दौलू घास हातात धरून बघत राहिला. ती उठली, मागची खोली उघडली, एकेक गोणपाट बाजूला करू लागली. वाघाचा मुखवटा तिने जरा वेळ हातात धरला, पदराने त्याचं नाक पुसलं.

"रंग कालव," ती म्हणाली. "या सोंगांचे सुळे झाकायला हवेत. राजासमोर जायचंय, हसून जाऊ देत."

दसऱ्याला भैरवाडीचा संघ मैदानात उतरला, तो डोक्यामागे मुखवटे बांधून. हणमाच्या मागे वाघ, शिवाच्या मागे वेताळ, किसनच्या मागे नंदी, धोंडीच्या मागे बोळकी म्हातारी. सगळे महाराजांकडे बघून हसत होते.

तांबुळवाडीचा गडी चेंडू घेऊन आत आला. हणमाला वळसा घातला, सुटलो म्हणून मागे बघितलं, तर वाघ त्याच्याकडेच तोंड करून उभा! डावीकडे वळला, तर म्हातारी हसतेय. उजवीकडून शिवा ओरडला. कुणाची पुढची बाजू कुठली, हे त्याला कळेना. शेवटी त्याने चेंडू उचलून धोंडीच्या हातात दिला आणि पंचांकडे पाणी मागितलं.

सामना संपला तेव्हा एकही गोल झाला नव्हता. महाराज खुर्चीवर उभे राहिले होते.

"सरकार, ही फसवणूक आहे," दिवाणजी हसत म्हणाले. "पाठ ती पाठच. ही तोंडं खोटी आहेत. वस्तादाला किल्ल्यावर धाडा."

"वस्ताद, ही युक्ती कुणाची?" महाराजांनी विचारलं.

दौलू सांगायला पुढे झाला. तेवढ्यात गर्दीतून सुंद्राक्का पुढे आली. "माझी, सरकार."

"दिवाणजी म्हणतात, तोंडं खोटी आहेत."

"असतील. हा वाघ शिट्टी वाजल्यापासून हसतोय. नऊ गोल झाले असते, तरी असाच हसला असता." ती थांबली. "दरबारात अशी तोंडं चालतात, म्हणून मैदानावर आणली."

महाराजांनी वाघाकडे पाहिलं. मग दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी हसत होते. महाराजांनी पुन्हा वाघाकडे पाहिलं, आणि ते असे हसले की चारही भोयांना खुर्ची धरावी लागली.

"वस्ताद, तुमचा कोंडवाडा पास! मैदानावर आजपासून पाठ माफ." त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून दौलूला दिलं. "आणि बाई, तो वाघ आम्हाला द्या. मागाल ते देऊ."

"वाघ मी नाही द्यायची, सरकार. आमच्या घरच्यांच्या हातचा आहे. दुसरा करून देईन."

महाराजांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "राहू द्या तुमच्याकडे. पण मग अख्ख्या दरबाराला पुरतील इतके हसरे मुखवटे करा. कारखाना आम्ही बांधून देतो. पहिलं माप दिवाणजींचं घ्या."

सुंद्राक्काने दिवाणजींच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"त्यांना कशाला, सरकार? त्यांचा बसवलेलाच आहे."